अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास खुले पत्र : २१ वर्षांखालील नागरिक आणि बंदुकीची खरेदी

माननीय सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स आणि सर्व सहकारी न्यायमूर्ती,
सर्वोच्च न्यायालय, वॉशिंग्टन डी. सी.

सविनय नमस्कार.

१८, १९ किंवा २० वर्षांच्या नागरिकाला दुकानातून बंदूक विकत घेण्यास कायदा मनाई करू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर आज अमेरिकेत तो नागरिक कुठल्या राज्यात राहतो यावर ठरते. टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी ही राज्ये ज्याच्या कक्षेत येतात त्या पाचव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून केलेला केंद्रीय न्यायविभाग) अपील न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ रोजी सांगितले की, परवानाधारक विक्रेत्याने २१ वर्षांखालील व्यक्तीला पिस्तूल विकू नये, हा १९६८ पासून चालत आलेला केंद्रीय निर्बंध, जनतेला शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत बसत नाही. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १४ मार्चला, अकराव्या सर्किटच्या पूर्णपीठाने आठ विरुद्ध चार मतांनी फ्लोरिडाचा त्याहून कडक कायदा वैध ठरवला. त्या कायद्यात पिस्तुलाबरोबर रायफल आणि शॉटगनही येतात. जूनमध्ये चौथ्या सर्किटने दोन विरुद्ध एक मताने, पाचव्या सर्किटने नाकारलेला तोच केंद्रीय निर्बंध उचलून धरला. फ्लोरिडाच्या निकालाविरुद्धचा अर्ज मे २०२५ मध्ये आपल्याकडे दाखल झाला आहे.

हे पत्र मराठीत आहे आणि ते आपल्या टेबलावर पोहोचणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही ते आपल्यालाच उद्देशून लिहितो, कारण ह्यूस्टन (टेक्सस), टँपा (फ्लोरिडा) आणि शार्लट (चौथ्या सर्किटमधील नॉर्थ कॅरोलायना) या तीन शहरांत राहणारी, याच देशात जन्मलेली मराठी घरांतली मुले आज या प्रश्नाच्या तीन वेगवेगळ्या उत्तरांखाली राहत आहेत, आणि त्यांच्या आईबापांपैकी बहुतेकांना याचा पत्ताही नाही. मी पुण्यात कायदा शिकलो, वकिली कधी केली नाही, आणि गेली बरीच वर्षे टेक्ससचा रहिवासी व या देशाचा नागरिक आहे. निकालपत्रे वाचण्याची सवय मात्र सुटलेली नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. खरेदीवरची २१ वर्षांची अट घटनेच्या चौकटीत टिकू शकते असे मला वाटते, पण ती ज्या कारणावर टिकते तेच कारण तिची हद्दही ठरवते, आणि ही हद्द आजवर कोणत्याही न्यायालयाने पुरेशी स्पष्ट केलेली नाही. बंदूक विकत घेणे वेगळे आणि बंदूक जवळ असणे वेगळे. जो निकाल हे दोन्ही एकाच मापाने मोजेल, तो कुठल्याही बाजूने लागला तरी चुकीचा असेल.

आपण २३ जून २०२२ रोजी ब्रूएन खटल्यात कसोटी घालून दिली : घटनादुरुस्तीच्या मजकुरात नागरिकाची कृती बसत असेल तर ती संरक्षित मानायची, आणि निर्बंध या देशाच्या शस्त्रनियमनाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत आहे हे सरकारने दाखवायचे. दोन वर्षांनी रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मताने आपण खुलासा केला की हुबेहूब जुना कायदा सापडण्याची गरज नाही, मागचे तत्त्व जुळले तरी पुरे. आता अडचण अशी की १७९१ मधील आणि आजच्या कायद्यात १८ ते २० वर्षांच्या माणसाचे स्थानच बदललेले आहे. त्या काळच्या कायद्याप्रमाणे तो ‘अज्ञान’, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, होता. आज तो जवळपास सर्वत्र सज्ञान आहे. तत्त्व जुळवायचे ते कशाशी, ‘२१’ या आकड्याशी की ‘अज्ञान’ या स्थितीशी? माझ्या समजुतीप्रमाणे सगळा वाद या एका जागी येऊन अडतो.

निर्बंधाच्या विरोधकांचा सर्वांत आवडता पुरावा १७९२ चा मिलिशिया (सामान्य नागरिकांचे सशस्त्र दल) कायदा आहे, आणि तो पुरावा वजनदार आहे हे मान्य केलेच पाहिजे. दुसरी घटनादुरुस्ती अमलात आल्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक स्वतंत्र, धडधाकट, गोऱ्या पुरुष नागरिकाची नोंद करण्याचा हुकूम दिला आणि नोंद झाल्यापासून सहा महिन्यांत त्याने स्वतःसाठी एक चांगली बंदूक, संगीन, चकमकीचे दोन जादा दगड, पाठीवरची पिशवी आणि किमान २४ काडतुसे मावतील अशी पेटी सिद्ध ठेवावी असे सांगितले. ज्याच्याकडे बंदूक असणे हे कायद्याने कर्तव्य ठरवले होते, त्याला बंदुकीचा हक्क नव्हता असे कसे म्हणता येईल? पाचव्या सर्किटने हाच धागा धरला, आणि १८ वर्षांचा माणूस घटनेतील ‘जनता’ या शब्दात मोडतो असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षाशी माझे भांडण नाही. तो जनतेत मोडतोच. १९ वर्षांच्या मुलीच्या भाषणस्वातंत्र्याबद्दल किंवा तिच्या घराच्या झडतीबद्दल आपण असा प्रश्नही विचारला नसता.

पण मिलिशियाची यादी हे हक्काचे माप होऊ शकत नाही. त्या यादीत स्त्रिया नव्हत्या, काळे नागरिक नव्हते, ४५ च्या वरचे कुणी नव्हते. २००८ च्या हेलर निकालात आपणच या हक्काला मिलिशियाच्या सेवेपासून वेगळे काढले आणि तो व्यक्तीचा हक्क आहे असे ठरवले. मग हक्क कुणाचा हे ठरवताना मिलिशिया बाजूला ठेवायची आणि वय ठरवताना मात्र तीच पुढे करायची, हे तर्काला धरून नाही. शिवाय ती यादी बारकाईने वाचली तर ती दुसरीच गोष्ट सांगते. १८ वर्षांच्या मुलाची बंदूक यायची कुठून? अनेक राज्यांच्या मिलिशिया कायद्यांनी याचे उत्तर स्वच्छ दिलेले आहे : २१ वर्षांखालील शिपायाला शस्त्रसामग्री पुरवण्याची जबाबदारी आईवडिलांची, पालकाची किंवा ज्याच्याकडे तो काम शिकत असेल त्या मालकाची. दंड व्हायचा तर तोही त्यांना. म्हणजे कायद्याने त्या मुलाच्या हातात बंदूक गृहीत धरली होती, पण ती त्याने बाजारात जाऊन स्वतः घेतली असेल असे गृहीत धरले नव्हते.

याचे कारण करारांच्या कायद्यात आहे. इंग्लंडकडून आलेल्या परंपरेनुसार २१ वर्षांपर्यंतचा माणूस अज्ञान समजला जाई, आणि जीवनावश्यक वस्तू सोडल्या तर त्याने केलेला सौदा त्याला हवा तेव्हा मोडता येत असे. दुकानदाराने उधारीवर बंदूक दिली आणि मुलाने पैसे बुडवले, तर दुकानदाराच्या हाती फारसे काही उरत नसे. असे गिऱ्हाईक दारात कोण उभे करेल? स्वतंत्र बंदीचा कायदा करण्याची गरजच भासली नसेल, तर तो कायदा सापडत नाही म्हणून परंपरा नव्हती असे म्हणणे योग्य ठरणार नाही. अकराव्या सर्किटचे मुख्य न्यायाधीश विल्यम प्रायर यांनी आपल्या निकालपत्रात हाच मुद्दा मध्यवर्ती ठेवला आहे, आणि या विषयावरच्या मी वाचलेल्या निकालपत्रांत ते मला सर्वांत भक्कम वाटते.

त्याउलट दहाव्या सर्किटने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडोचा कायदा वैध ठरवताना जी वाट धरली ती आखूड आहे. हेलरमध्ये आपण व्यापारी विक्रीवरच्या ‘अटी आणि पात्रता’ सकृद्दर्शनी वैध म्हटल्या होत्या. वय ही पात्रता आहे, म्हणून प्रश्न संपला, असा तो युक्तिवाद. एका संपूर्ण वयोगटाला तीन वर्षे दुकानाचे दार बंद ठेवणे याला नुसती ‘अट’ म्हटले, तर उद्या ती तीन वर्षे तीस झाली तरी तीही अटच राहील. सरकारला पुराव्याच्या ओझ्यातून इतक्या स्वस्तात मोकळे करू नये.

आता माझ्याच बाजूला सर्वांत जास्त टोचणारा मुद्दा. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या बंदूक नियंत्रण कायद्यात २१ हा आकडा आला, तेव्हा बहुतेक सर्व राज्यांत सज्ञानतेचे वय २१ हेच होते. म्हणजे काँग्रेसने तेव्हा काही नवी रेषा आखली नव्हती. सज्ञान आणि अज्ञान यांच्यामधली जी रेषा आधीच होती तिच्यावरच बोट ठेवले होते. तीन वर्षांनी व्हिएतनामच्या सावलीत सव्विसावी घटनादुरुस्ती झाली, १८ व्या वर्षी मताधिकार मिळाला, आणि पाठोपाठ एकेका राज्याने सज्ञानतेचे वयही खाली आणले. रेषा सरकली, कायदा तिथेच राहिला. आता १८ वर्षांचा माणूस घर भाड्याने घेतो, कर्ज काढतो, लग्न करतो, सैन्यात भरती होऊन स्वयंचलित शस्त्र हाताळतो. त्याने केलेला सौदा त्याला मोडता येत नाही. जुन्या परंपरेचा आधार त्याच्या अज्ञानपणात होता, आणि तो अज्ञानपणाच कायद्याने काढून घेतला, तर मग आधार कशाचा? अकराव्या सर्किटमधल्या चार असहमत न्यायाधीशांच्या बाजूने या प्रश्नात मोठे बळ आहे. २००५ मध्ये रोपर खटल्यात देहदंडासाठी आपण रेषा १८ वर आखली होती, हेही ते दाखवू शकतात.

माझे उत्तर असे आहे. सज्ञानतेचे वय घटनेत कुठेही लिहिलेले नाही. सव्विसावी दुरुस्ती फक्त मतदानाबद्दल बोलते. सज्ञानता राज्यांच्या विधिमंडळांच्या हातात होती, आजही आहे, आणि ती देशभर एकसारखीही नाही : अलाबामा आणि नेब्रास्कात ते वय १९ आहे, आणि मिसिसिपीत, काही व्यवहारांना १८ ची सूट देऊनही, सर्वसाधारण नियम २१ चाच आहे. (पाचव्या सर्किटच्या तीन राज्यांपैकी हे एक, हा योगायोग मला मौजेचा वाटतो.) ज्या विधिमंडळाला सर्व व्यवहारांसाठी ही रेषा २१ वरून १८ वर आणता येते, त्याला एका विशिष्ट वस्तूच्या खरेदीपुरती ती २१ वर ठेवताही आली पाहिजे. परंपरेने दिलेले तत्त्व ‘अज्ञान माणूस’ एवढेच नाही. ते असे आहे की, विशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने एकट्याने शस्त्राचा सौदा करू नये, वडीलधाऱ्या कुणाची तरी त्यात संमती असावी, असे कायदा म्हणू शकतो. मात्र या अधिकाराला वरची मर्यादा २१ चीच. कुठल्याही विधिमंडळाने उद्या २५ किंवा ३० म्हटले, तर १७९१ मध्ये त्याला कसलाही आधार नाही, आणि तिथे सरकारने हरलेच पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कायदे याच दिशेने जातात. १८५६ मध्ये अलाबामा आणि टेनेसीने अज्ञान मुलांना पिस्तूल विकण्यास किंवा देण्यास मनाई केली, आणि शतक संपेपर्यंत १९ राज्ये व डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया यांनी कमीअधिक रुंदीचे असे कायदे केले. यांतले बहुतेक १८६८ च्याही नंतरचे आहेत, म्हणून मी त्यांच्यावर फार भार टाकत नाही. पण घटनादुरुस्तीचा अर्थ १७९१ च्या समजुतीने लावायचा की हे हक्क राज्यांवरही बंधनकारक करणारी चौदावी दुरुस्ती झाली त्या १८६८ च्या, हा प्रश्न ब्रूएनमध्ये आपण मुद्दाम खुला ठेवला होता, आणि खालची न्यायालये तेव्हापासून आपापल्या सोयीचे साल निवडत आहेत. हा गोंधळ आपला आहे, त्यांचा नाही.

खरेदी आणि बाळगणे यांतला फरक पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. पाचव्या सर्किटच्या निकालाच्या काही वर्षे आधी एका मराठी परिचितांबरोबर मी टेक्ससमधल्या एका बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. सोने हमखास मिळते म्हणून भारतीय घरे हेरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्यांनी ते धास्तावले होते, आणि दुसऱ्या गावी एकटा राहणाऱ्या १९ वर्षांच्या मुलासाठी पिस्तूल घ्यावे असे त्यांच्या मनात होते. मुलगा सोबत होता. काचेच्या कपाटातून पिस्तूल निघाले, ते रिकामे असल्याचे विक्रेत्याने दोनदा दाखवले, मग फॉर्म ४४७३, म्हणजे दुकानातून बंदूक घेताना भरायचा केंद्रीय अर्ज, पुढे सरकवला. त्यातला एक प्रश्न सरळ आहे : या शस्त्राचे खरे खरेदीदार तुम्हीच आहात का? परिचित लिहू लागले तेवढ्यात मुलाने खिशातून आपले डेबिट कार्ड काढले आणि म्हणाला, “बाबा, निम्मे माझे, समर जॉबचे साठलेत ना.” भाषा विक्रेत्याला कळली नाही, पण कार्ड दिसले. त्याने फॉर्मवर तळहात ठेवला आणि इंग्रजीत शांतपणे विचारले की पैसे कोण देणार आहे. उत्तर ऐकल्यावर त्याने फॉर्म परत घेतला. आता वडिलांनी सगळे पैसे दिले तरी आज विक्री होणार नाही, असे त्याने सांगितले.

विक्रेत्याचे बरोबर होते. वडिलांनी स्वतःच्या पैशाने पिस्तूल घेऊन मुलाला भेट दिले असते तर केंद्रीय कायद्याला त्यात वावगे नव्हते. मुलाच्या पैशाने मुलासाठी घेतले असते आणि फॉर्मवर आपणच खरेदीदार असे लिहिले असते, तर तो गुन्हा होता; २०१४ मध्ये अब्राम्स्की खटल्यात आपणच पाच विरुद्ध चार मतांनी तसा निर्वाळा दिला आहे. परिचितांना हा सगळा प्रकार हास्यास्पद वाटला, आणि गाडीत बसल्यावर त्यांनी तसे बोलूनही दाखवले. मला तो तसा वाटत नाही. १७९२ च्या शिपायाच्या खांद्यावर बापाने दिलेली बंदूक आणि या काउंटरवरची अडवणूक यांच्यामागे एकच कल्पना आहे : या वयात शस्त्र असू शकते, पण ते देणाऱ्या कुणीतरी आपल्या निर्णयाची जबाबदारी घेतलेली असावी.

मात्र हा आधार मानला की त्याचे परिणामही मानावे लागतात. फ्लोरिडाचा कायदा १८ ते २० वर्षांच्या व्यक्तीला शस्त्र बाळगू देतो आणि घरच्यांकडून भेट म्हणून घेऊ देतो, म्हणून तो टिकतो. एखादे राज्य भेटीचाही मार्ग बंद करेल, किंवा या वयोगटाने घरात पिस्तूल ठेवणेच गुन्हा ठरवेल, तर त्या कायद्याला परंपरेचा हा आधार लागू पडणार नाही. शस्त्र जवळ घेऊन बाहेर फिरण्याच्या परवान्याबद्दलही तेच. मिनेसोटाने या वयोगटाला असा परवाना नाकारला होता, तो कायदा आठव्या सर्किटने जुलै २०२४ मध्ये रद्द केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये आपण त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. करार मोडता येण्याच्या जुन्या नियमाचा रस्त्याने चालण्याशी काही संबंध नाही, तेव्हा त्या निकालात आणि फ्लोरिडाच्या निकालात मला विसंगती दिसत नाही.

याहून अवघड प्रश्न असा की ज्याला बापच नाही त्याने काय करायचे? पालनगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडलेली मुलगी, घरच्यांनी संबंध तोडलेला मुलगा, किंवा हिंसक जोडीदारापासून पळून एकटी राहणारी २० वर्षांची तरुणी, जिच्या घरातल्या माणसांपासूनच तिला धोका आहे. भेटीचा मार्ग तिच्यासाठी कागदावरच उरतो. हेलरमध्ये आपण पिस्तुलाला स्वसंरक्षणाचे प्रमुख शस्त्र म्हटले आहे, तेव्हा ‘केंद्रीय कायद्याप्रमाणे १८ व्या वर्षी रायफल मिळते ना’ हे उत्तर तिला देता येत नाही. फ्लोरिडात तर तेही मिळत नाही. तिथे सैनिक व पोलीस यांना रायफल आणि शॉटगनच्या खरेदीत सूट आहे, तिला नाही. संपूर्ण कायदा रद्द न करता अशा व्यक्तीला तिच्या परिस्थितीपुरती दाद मागता येईल, एवढे तरी आपल्या निकालात स्पष्ट लिहिलेले असावे. १७९१ मध्ये अनाथाला न्यायालय पालक नेमून देत असे. आज २० वर्षांच्या तरुणीला पालक नेमता येत नाही, म्हणून तिला मोकळीकही द्यायची नाही, हे दोन्हीकडून तिचेच नुकसान आहे.

एक विसंगती कायदेमंडळाच्या खात्यात जाते, पण तिचा उल्लेख टाळता येत नाही. केंद्रीय निर्बंध परवानाधारक विक्रेत्यावर आहे. खासगी माणसाकडून १८ वर्षांचा माणूस पिस्तूल घेऊ शकतो, आणि टेक्सससारख्या राज्यात त्या व्यवहाराला पार्श्वभूमी तपासणीही लागत नाही. म्हणजे ज्या काउंटरवर तपासणी होते तिथून तरुणाला परत पाठवायचे आणि पार्किंग लॉटमधल्या सौद्याकडे त्याची वाट मोकळी सोडायची. धोरण म्हणून हे वाईटच आहे. पण ब्रूएननंतर धोरणाचा शहाणपणा हा आपल्यापुढचा प्रश्न नाही, आणि ते नीट करण्याचे काम काँग्रेसचे आहे.

मी ज्या देशात जन्मलो तिथे हा वाद उभाच राहत नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून लिहिलेला होता. १९४८ च्या डिसेंबरमध्ये ह. वि. कामत यांनी तो संविधानात आणण्यासाठी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, आणि तो आला नाही. भारताच्या शस्त्र कायद्यात वयाची अट १९८३ मध्ये १६ वरून २१ वर गेली, आणि त्यासाठी कुणाला १७९१ सालचा पुरावा शोधावा लागला नाही. त्याच कायद्यात प्रशिक्षणासाठी कमी वयाची सोय आहे, म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला किशोरवयात रायफल हातात घेता आली आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळाले. अमेरिकेने हाच मार्ग धरावा असे मी सुचवत नाही. इथे हक्क घटनेत लिहिलेला आहे, आणि इथे नागरिकत्वाची शपथ घेताना मी त्या घटनेची घेतली आहे, त्यातल्या मला आवडणाऱ्या भागांचीच नव्हे.

फ्लोरिडाचा कायदा १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यानंतर तीन आठवड्यांत झाला. मारेकरी १९ वर्षांचा होता. मे २०२२ मध्ये बफेलो आणि युव्हाल्डी येथे दहा दिवसांच्या अंतराने जे सामूहिक गोळीबार घडले त्या दोन्ही ठिकाणी मारेकरी १८ वर्षांचा होता. या घटनांमुळे घटनेचा अर्थ बदलत नाही, असे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. पण विधिमंडळाने तीन वर्षांची रेषा पुन्हा का ओढली हे समजून घ्यायला त्या पुरेशा आहेत.

म्हणून विनंती अशी की, हा प्रश्न हाती घ्यावा, आणि घेताना फ्लोरिडाचे प्रकरण घ्यावे. तिथे सर्व प्रकारच्या बंदुका येतात, भेटीचा मार्ग खुला आहे, आणि दोन्ही बाजूंची निकालपत्रे पूर्णपीठाने कसून लिहिलेली आहेत. मात्र फ्लोरिडाच्या महाधिवक्त्यांनी त्या निकालानंतर जाहीर केले आहे की, प्रकरण आपल्याकडे आले तर ते या कायद्याचा बचाव करणार नाहीत. तसे झाल्यास बचावासाठी आपण स्वतंत्र वकील नेमावा. विधिमंडळाने केलेला आणि पूर्णपीठाने वैध ठरवलेला कायदा कुणी बोललेच नाही म्हणून पडू नये.

निर्णय काहीही द्या, पण एक गोष्ट मोघम ठेवू नका. ब्रूएन निकालानंतर दोनच दिवसांनी, २५ जून २०२२ रोजी, राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या सहीने झालेल्या कायद्यानुसार २१ वर्षांखालील खरेदीदाराच्या बालपणीच्या गुन्ह्यांच्या आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी पाहण्यासाठी तपासणी दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत लांबवता येते. पाचव्या सर्किटनेच २०२४ मध्ये या तपासणीला स्थगिती देण्यास नकार दिला होता. २१ वर्षांखालील माणूस आणि २१ वर्षांवरील माणूस यांत घटनेच्या दृष्टीने फरकच नाही, असे आपण ठरवले, तर हे दहा दिवस उरतात की जातात? त्याचे उत्तर निकालपत्रातच द्यावे, किंवा हा मुद्दा आपण आज ठरवत नाही असे निदान स्वच्छ लिहावे. नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात पुढची याचिका दाखल होईल आणि तीन सर्किट तीन दिशांना जातील.

आपला नम्र,
टेक्सस राज्यातील एक नागरिक